पुस्तकात नव्हतं, मामा

मामा, तुझ्या पानात मटण वाढायचं की नाही, असं मामीनं परवा मला विचारलं. घरात एवढी मोठी माणसं बसली होती. शेजारचे काशिनाथकाका होते, माझी आई होती. आणि तिनं विचारलं मला.

"तूच सांग वैशू. तुझ्यामुळं सोडलं त्यानं."

तेराव्याचं गोड जेवण आटपलं होतं. दुसऱ्या दिवशी तिखट करून सुतक फिटायचं होतं. आपल्याकडे तिखटाला मटण करतात आणि गेलेल्या माणसाचं पान सगळ्यांच्या आधी वाढून बाहेर ठेवतात. त्याला जे आवडायचं ते त्या पानात हवंच. तुला काय आवडायचं ते साऱ्या गावाला माहीत. तू ते दोन वर्षं तोंडात घातलं नव्हतंस हेही माहीत. पण ज्यावर विश्वास ठेवून तू ते सोडलंस ते मुळात काय होतं, हे फक्त मला माहीत होतं.

मी "उद्या सांगते" म्हणाले आणि शेळ्यांना पाला टाकायचं निमित्त करून उठले. पाला आधीच टाकलेला होता.

तू गेल्यावर मला नुसतं रडू येईल असं वाटलं होतं. येतं. पण त्याहून जास्त राग येतो. माझा येतो, ते ठीक आहे. तुझाही येतो, आणि गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं असं सगळे म्हणतात, म्हणून हे लिहून काढतेय. मला लिहिता येतं असं तुला उगाच वाटायचं. कशेळ्याला जीपमध्ये अनोळखी माणसालाही सांगायचास, "भाची हाय माझी. कर्जतला कॉलेजला जाती. प्राण्यांचं शास्त्र शिकती." आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे. मला तेव्हा शास्त्रातलं काहीच येत नव्हतं. पहिल्या वर्षाला मी निम्मा तास शब्दांचे उच्चार लिहून घेण्यात घालवत होते.

ते चित्रही मला शास्त्रातून मिळालं नव्हतं. कॉलेजच्या शिबिरात एका मुलीनं मोबाइलवर पाठवलं होतं. तीन खणांचा तक्ता. एकात मांसाहारी प्राणी, एकात शाकाहारी प्राणी, एकात माणूस. सुळे कुणाला, जबडा कसा हलतो, पाणी कसं पितात, आतडं किती लांब. प्रत्येक ओळीत माणूस गायी-शेळ्यांच्या बाजूला. खाली मोठ्या अक्षरात, की माणूस मुळात शाकाहारीच आहे. मला ते फार आवडलं. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी संपूर्ण समजलं होतं.

त्या संध्याकाळी तू ओट्यावर चहा पीत होतास आणि मी तुला तो तक्ता वाचून दाखवला. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "कोंबडी कुठल्या खणात घालशील?"

"कोंबडी दाणे खाते मामा."

"दाणे खाती. आन पाल गावली की तिच्यामागं धावती, ती काय आशीर्वाद घ्यायला? वाळवी निघाली की बघ कशा तुटून पडत्यात."

मी म्हणाले, कोंबडीचं सोड, शेळी घे. तू म्हणालास, "शेळी व्याली की स्वतःची वार खाती. आमी धावत जाऊन काढून घेतो म्हणून, नायतर गट्टम." मी म्हणाले, गाय. तू हसलास. "उन्हाळ्यात माळावर गाय हाड चघळत बसती ती बघितली नाय तू? दोन दोन तास. सोडवायला गेलं तर शिंग उगारती."

"तो काहीतरी आजार असेल."

"आजार कसला गं. अंगात काय कमी पडलं की ती धुंडती. आपला काळू कुत्रा गवत खातो, तो काय बामण झाला?"

मग मी पाण्याची ओळ काढली. कुत्रा-वाघ जिभेनं लपलप करून पाणी पितात, गाय-बैल ओठांनी ओढून पितात, आणि माणूसही ओढूनच पितो. तू हातातल्या बशीकडे बघितलंस आणि फुर्र करून चहा ओढलास. "म्हंजे मी बैल?"

आतून मामी म्हणाली, "ते कळायला बशी कशाला पायजे?"

आपण तिघंही किती हसलो. तिथंच ते थांबायला हवं होतं. पण मला हरायचं नव्हतं. मी या घरात राहून, तुझ्या हातचा शेळीचं दूध घातलेला चहा पिऊन शिकत होते, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं मला चार वाक्यांत उत्तर दिलं होतं. चार दिवस मी तुझ्यामागे लागले. तू भात पाखडताना, दावी वळताना, सारखं "पण मामा, दातांचं काय?" तुला वाद आवडायचाच. तू कधीच चिडायचा नाहीस. मीच चिडायचे.

तुला अडवलं ते आतड्याच्या ओळीनं. "आतड्याचं खरं हाय," म्हणालास. "बोकडाचं आतडं सोडवलं तर संपत नाय." हे तुला हातानं माहीत होतं. तू विचार करत राहिलास आणि मला वाटलं, जिंकले.

मग गावदेवीची जत्रा आली. जत्रेचा बोकड तूच कापायचास आणि वाटे तूच घालायचास. काटा नाही, वजन नाही. अंगणात सागाची पानं मांडायची, जितकी घरं तितकी पानं, आणि एका बाजूनं टाकत जायचं. प्रत्येक पानावर मांडीचा तुकडा, बरगडी, थोडी चरबी, कलेजीचा एवढासा तुकडा का होईना पण हवाच. शेवटी तू उभा राहून पानांवरून नजर फिरवायचास, इकडचं बोटभर उचलून तिकडे ठेवायचास, आणि म्हणायचास, "उचला." मग कुणी कुठलाही वाटा उचलावा. तू वाटे घातले असताना भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. सरपंचानं घातले होते त्या वर्षी झालं होतं.

त्या दिवशी तू वजडी बायकांकडे दिली नाहीस. आतडं हातानं सोडवत गेलास आणि अंगणाच्या कडेनं पसरत गेलास. माणसं बघत राहिली. काशिनाथकाका म्हणाले, "काय रं भाऊ, सर्व्हे चाललाय का? हायवे न्यायचा हाय?" पावलं मोजलीस. अंगणाला एक वेढा झाला, दुसरा अर्धा झाला. मग हात तसेच धरून माझ्याकडे वळलास.

"हे बोकडाचं. आता सांग, माणसाचं किती?"

सगळी माझ्याकडे बघत होती. मला ठाऊक नव्हतं, मामा. तक्त्यात आकडा होता, पण तो शरीराच्या किती पट असा होता, आणि शरीर म्हणजे कुठून कुठपर्यंत ते मला कळलेलं नव्हतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बघून सांगते. तू थांबला असतास. मी म्हणाले, "असंच. शेळीसारखंच लांब."

"खरं?"

"हो. पुस्तकात हाय."

पुस्तकात नव्हतं. पुस्तकाचं ते प्रकरण अजून माझं उघडलेलंही नव्हतं.

तू मान हलवलीस. हात धुतलेस. नेहमीसारखे वाटे घातलेस, नजर फिरवलीस, "उचला" म्हणालास. सगळ्यांनी उचलल्यावर एक पान उरलं ते काशिनाथकाकांच्या हातात दिलंस. "हे तुज्याकडं ने. मला नको आजपास्नं."

"का रं? पोट बिघडलं?"

"आमची वैशू सांगती. तिच्या पुस्तकात हाय."

तू एवढा हट्टी माणूस. ग्रामसेवकानं कागद पुढे केला तर दोन दिवस सही करायचा नाहीस. दुकानदारानं खत चांगलं म्हटलं तर मुठीत घेऊन वास घ्यायचास. माझं वाक्य हातात घेऊन का बघितलं नाहीस? "दाखव पुस्तक" का म्हणाला नाहीस? इंग्रजी तुला आलं नसतं, पण चित्र तर कळलं असतं. आतड्याचं चित्र गावात तुझ्याइतकं कुणाला कळलं असतं? याचा मला राग येतो. तू माझ्यावर एवढा विश्वास टाकायला नको होतास. मी त्याच्या लायकीची झाले नव्हते अजून.

त्यानंतर तू सुकटही सोडलीस, अंडीही सोडलीस. अर्धवट काही करायचंच नाही, हा तुझा स्वभाव. काशिनाथकाका येता-जाता म्हणायचे, "भाऊ, पेंढा टाकू का थोडा?" आणि तू म्हणायचास, "टाक की, पण हिरवा टाक." मामीनं बोंबील भाजला की तू उठून गोठ्याकडे जाऊन बसायचास. वास येऊ नये म्हणून जातोस असं सांगायचास. वास तुला यायचाच. मामी चुलीवर दोन भांडी ठेवायची, आणि तिचा तो बोंबील ताटात तसाच राहायचा. "मला एकटीला घास उतरत नाय," म्हणायची. आणि मी? मी सुट्टीत आमच्या खालापूरकडच्या घरी गेले की आईच्या हातचं कोंबडीचं कालवण खायचे, मामा. दोन्ही वेळा. आईला सांगून ठेवलं होतं, मामाला बोलू नको.

दुसऱ्या वर्षाला ते प्रकरण आलं. मॅडमनी फळ्यावर तीन आतडी काढली. कुत्र्याचं, सशाचं, माणसाचं. कुत्र्याचं आखूड. सशाच्या आतड्याला मध्येच एक मोठी पिशवी, तिच्यात जंतू राहतात आणि ते गवत आंबवतात. माणसाचं दोन्हींसारखं नाही, मधलंच काहीतरी. आणि शेळीच्या मानानं खूपच आखूड. मॅडम म्हणाल्या, गाय एका घासाला चार कप्पे फिरवते, आपण तेच काम निम्मं चुलीवर करून घेतो. म्हणून आपल्याला धान्यही चालतं, मासळीही चालते, ज्याला जिथं जे मिळालं त्यावर माणसं जगली. गायीचं हाड चघळणंही त्यांनी सांगितलं. खाण्यात खनिजं कमी पडली की जनावर हाडं शोधतं. मी वहीत लिहून घेतलं आणि पेन तिथंच थांबलं. हे तू मला ओट्यावर सांगितलं होतंस.

तास संपल्यावर मी मॅडमना मोबाइलमधला तक्ता दाखवला. त्यांनी वाचला. म्हणाल्या, "ज्यानं बनवला त्याला उत्तर आधीच माहीत होतं, मग त्यानं ओळी जुळवल्या. मटण न खाता माणसं चांगली जगतात, जगू देत. त्यासाठी आतडं लांब करायची काय गरज?"

त्या दिवशी कर्जतहून येताना मी जीपमध्ये वाक्य पाठ केलं. "मामा, मी चुकीचं सांगितलं होतं." एवढंच. घरी आले तर ओट्यावर मुरबाडकडचे पाहुणे होते आणि तू त्यांना शेळीच्या आतड्याची गोष्ट सांगत होतास, पावलं मोजून दाखवत. मला बघून म्हणालास, "ही काय आली. हिलाच इचारा." पाहुणे उठून माझ्याकडे बघून हसले. मी चहा ठेवायला आत गेले.

मग आज नको, उद्या. उद्या नको, परीक्षा झाल्यावर. तुला कळलं तर तू रागावशील याची भीती नव्हती. तू हसला असतास. भीती ही होती की पुढच्या वेळी मी काही सांगितलं तर तू वास घेऊन बघशील, खतासारखा. आपल्या घरात कुणाकडे काही नव्हतं, ते माझ्याकडे आलं होतं. लोक माझं ऐकत होते. ते मला सोडवेना.

या उन्हाळ्यात तुझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. बांधावर चालताना तू हात बाजूला धरायचास. मी तुला कर्जतच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, दूध, अंडी, मासे काय खाता?

"दूध चहापुरतं. बाकीचं बंद," तू अभिमानानं सांगितलंस. "माणसाचं आतडं लांब असतं डॉक्टर."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. त्यांनी बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व फार कमी झालंय म्हणून इंजेक्शनं लिहून दिली, आणि दूध-अंडी तरी सुरू करा, नाहीतर गोळ्या चुकवू नका म्हणाले.

स्टँडवर गाडीची वाट बघताना तू म्हणालास, "डॉक्टर सगळ्यांनाच अंडी सांगत्यात. तू सांग."

"अंडं खा मामा."

"का? पुस्तक बदललं?"

तू हसत विचारलंस. मला इतका सोपा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नाही. हो म्हणायचं होतं. किंवा खरं तर, पुस्तक नव्हतंच म्हणायचं होतं. बाजूला कुणी ओळखीचं नव्हतं, घाई नव्हती, गाडीला वेळ होता.

मी म्हणाले, "बदललं नाही. पण डॉक्टर म्हणतात तर खा."

"मग नको," तू म्हणालास. आणि मला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिलीस.

इंजेक्शनांनी पाय बरे झाले. नंतर भात पोटरीला आला तेव्हा तुला ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. मी दवाखान्यात डॉक्टरांना गाठून विचारलं, अंगात ताकद नव्हती म्हणून का? ते म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही, हा ताप वेगळा. मी दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. मला हे मानायला हवं, मी शास्त्र शिकते. पण दोघंही मला रडताना बघून बोलले होते. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तू डोळ्यांनी मला काहीतरी विचारत होतास, आणि मी "बोलू नको, पडून राहा" एवढंच म्हणत राहिले. तेव्हाही नाही सांगितलं. तेव्हा तर तू उलट बोलूही शकला नसतास.

तिखटाच्या दिवशी सकाळी मी मामीला सांगितलं. ती पाट्यावर वाटण वाटत होती. काशिनाथकाका मटण घेऊन दारात आले होते, त्यांच्यासमोरच सांगितलं. जत्रेत बोलले ते खोटं होतं. पुस्तकात उलट आहे. मला दीड वर्षापासून माहीत होतं.

मामीचा हात थांबला. "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस आता?"

काका म्हणाले, "जाऊ दे गं, पोर हाय. भाऊला काय फरक..."

"तुमी गप ऱ्हावा," मामी म्हणाली. तिनं वरवंटा बाजूला ठेवला. "दोन वर्सं मी दोन भांडी मांडली. दोन वर्सं तो गोठ्यात बसून ऱ्हायचा. एका वाक्याचं काम होतं गं तुझं." मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पुन्हा वाटायला लागली आणि पाट्याकडे बघत म्हणाली, "त्याचं पान तूच वाढ. काय वाढायचं ते तुझं तू बघ. मी नाय सांगणार."

मी पान मांडलं. भात वाढला, वरण वाढलं, तुझी आवडती अळूची भाजी वाढली. मग मटणाच्या पातेल्यापाशी जाऊन उभी राहिले. हातात पळी. वाढलं तर तू दोन वर्षं पाळलेलं मी मोडणार. नाही वाढलं तर माझं खोटं तुझ्या शेवटच्या पानातसुद्धा तसंच राहणार. म्हणजे पुन्हा तू काय खायचं ते मीच ठरवणार, आणि पुन्हा तुला न विचारता.

मग मी जे केलं ते बरोबर की चूक, ते मला अजून कळत नाही. पानापुढे बसले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं बोलले. "मामा, मी जत्रेत खोटं बोलले. माणसाचं आतडं शेळीएवढं नसतं. ते पुस्तकात नव्हतं. तू कोंबडीचं, गायीचं सांगत होतास ते बरोबर होतं." आई पदर तोंडाला लावून बघत होती. मग पानाच्या कडेला, भाताला लागणार नाही अशी, मटणाची एक वाटी ठेवली. कलेजीचा तुकडा शोधून वर ठेवला. "आता तुला खरं सांगितलंय. तुझं तू ठरव."

काकांनी पान उचलून कुंपणापाशी नेऊन ठेवलं. आम्ही मागे सरलो. थोड्या वेळानं कावळा आला.

"बघा, कलेजीच उचलली!" काका ओरडले. "भाऊनं ऐकलं बरं का वैशू!"

"भातात चोच घातली आधी," मामी म्हणाली. "मी बघितलं."

"कुठं भातात? वाटीतच घातली!"

दोघं भांडत राहिली. दुसरा कावळा आला, तिसरा आला, आणि त्यांनी भात, वरण, अळू, मटण सगळं पसरलं. मामी माझ्याकडे वळली. "तू एवढं शिकलीस. सांग, आधी काय खाल्लं त्यानं?"

मी सांगितलं, "मला नाही माहीत, मामी."

कावळा सगळं खातो, मामा. त्याच्यावरून तुझं काय ठरलं ते मला कळायचं नाही.